होकायंत्राची सुई आणि पावसाचा ढग

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत वसलें आहे. वर्षाकांठीं तेथें सुमारें ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. एखाद्या वर्षीं तेवढाहि पडत नाहीं. १९७२ च्या दुष्काळानें या गांवाची रया घालविली होती. अशा गांवीं ढग कशानें येतात हें कोणी सांगूं लागला, तर लोक कान देऊन ऐकतील यांत नवल नाहीं. ढगांचा आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाचा कांहीं संबंध आहे काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीं गंभीरपणें विचारलेला आहे. आणि चुंबकत्वाच्या अभ्यासांत महाराष्ट्राचा वांटा मोठा आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून चुंबकीय वेध घेतले जाऊं लागले. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांनीं सूर्यबिंबावर एक तेजस्वी स्फोट पाहिला. दुसऱ्या दिवशीं कुलाब्यास पृथ्वीच्या क्षितिजसमांतर चुंबकीय बलांत सुमारें १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली. पुढें मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार व त्यांच्या प्रवाहानें नाजूक उपकरणें बिघडणार, हें ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत १९०४ सालीं अलिबागेस नवी वेधशाळा सुरू झाली. प्रथम दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळविण्यांत आला. ती नोंदमाला आजहि चालू आहे.

आतां विश्वकिरणांकडे वळूं. हे किरण म्हणजे अंतराळांतून येणारे अतिवेगवान, विद्युद्भारित कण होत. चुंबकीय क्षेत्रांत ते वळतात. म्हणून ध्रुवांकडे ते अधिक व विषुववृत्ताकडे कमी पोंचतात. चुंबकीय वादळांत त्यांची संख्या घटते, हें स्कॉट फोरबुश यांनीं १९३७ सालीं दाखविलें.

१९९७ सालीं डेन्मार्कचे स्वेन्समार्क व फ्रीस-क्रिस्टेन्सेन यांनीं असें मांडलें कीं, विश्वकिरण वाढले म्हणजे ढग वाढतात. या विचारसरणीप्रमाणें हे किरण हवेंत आयन निर्माण करतात, आयनांच्या आश्रयानें सूक्ष्म कण जमतात, व त्या कणांवर ढगांचे थेंब बनतात. ढग वाढले कीं पृथ्वी थंडावते. कल्पना मोठी आकर्षक होती. ती पुरती खरी ठरती, तर तापणाऱ्या हवामानाचा बराचसा दोष सूर्याच्या पदरीं पडता, आणि कोळसा व तेल जाळणारा मनुष्य मोकळा सुटता.

म्हणूनच तिची कसोटी कसून घेण्यांत आली. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या 'क्लाउड' प्रयोगांत २०११ सालीं असें आढळलें कीं, आयनांमुळें सूक्ष्म कण जमण्यास खरोखरच मदत होते. परंतु हे कण एकदोन नॅनोमीटरांचे असतात. ढगाचा थेंब धरण्यास त्यांनीं कित्येक पटींनीं वाढावें लागतें, आणि बहुतेक कण त्यापूर्वींच मोठ्या कणांना चिकटून नाहींसे होतात. विश्वकिरणांच्या सध्याच्या चढउतारांचा ढगांवर या मार्गानें नगण्य परिणाम होतो, असा निष्कर्ष २०१६ सालीं निघाला.

निसर्गाची साक्षहि तशीच आहे. २००९ च्या सुमारास विश्वकिरणांचें प्रमाण कित्येक दशकांतील उच्चांकास पोंचलें. पृथ्वी मात्र थंडावली नाहीं. सुमारें ४१,००० वर्षांपूर्वीं पृथ्वीचें चुंबकीय क्षेत्र अत्यंत दुर्बल झालें होतें. ग्रीनलंडच्या बर्फांत त्या काळचें बेरिलियम-१० वाढलेलें सांपडतें, म्हणजे विश्वकिरण वाढले होते. पण त्याच बर्फांत हवामानाची तदनुरूप उलथापालथ दिसत नाहीं. उलट औद्योगिक युगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारें २८० भाग असलेला कार्बन डायॉक्साइड आज ४२० च्या वर गेला आहे. तापमानवाढीचें मुख्य कारण तेथें आहे.

हिवरे बाजारच्या लोकांनीं ढगांच्या कारणाचा निकाल लागण्याची वाट पाहिली नाहीं. १९८९ सालीं पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गांवानें डोंगरउतारांवर चर खणले, झाडें लावलीं, चराईस व कुऱ्हाडीस बंदी केली. शेतीसाठीं कूपनलिका घेण्यास मनाई झाली. पाऊस मोजावयाचा, विहिरींतील पाणी पाहावयाचें, माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी आधीं राखावयाचें, आणि उरेल त्यावर पिकें ठरवावयाचीं, असा पाण्याचा ताळेबंद तेथें मांडला जातो. अलिबागेची सुई आणि हिवरे बाजारचें पर्जन्यमापक यांची शिकवण एकच आहे: आधीं नीट मोजावें, आणि मग बोलावें.