हजेरीपटातील नाव

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात, शाळेच्या नव्या संगणक कक्षात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संयोजकांनी मला सांगितले की, ‘तुझ्या कामाविषयी बोल, पण समजेल असे बोल.’ यातील उत्तरार्ध कठीण आहे. माझे काम संगणकांच्या जाळ्याचे. त्यातही, एखादे यंत्र तारेने जाळ्याला जोडले, दिवा लागला, आणि तरीही जाळे त्याला आत घेत नाही, तेव्हा मला बोलावणे येते. असे का होते, एवढेच आज सांगणार आहे.

या कक्षाच्या कोपऱ्यात भिंतीवर जी चपटी पेटी दिसते तिला स्विच म्हणतात. साध्या स्विचला कोणतीही केबल लावा, तो लगेच बोलू लागतो. ज्या ठिकाणी माहिती जपायची असते, बँक, रुग्णालय, सरकारी कचेरी, तेथे असे चालत नाही. तेथे स्विचच्या प्रत्येक पोर्टावर पहारा बसवलेला असतो. या पहाऱ्याचे प्रमाण ‘८०२.१एक्स’ या रुक्ष नावाने ओळखले जाते. ते २००१ साली प्रथम प्रसिद्ध झाले.

त्यात पात्रे तीन. एक, आत येऊ पाहणारे यंत्र. दुसरा, दारावरचा स्विच. तिसरा, दूर कुठेतरी बसलेला सर्व्हर, ज्याच्याजवळ नोंदवही असते. त्याला ‘रेडियस’ सर्व्हर म्हणतात. आपल्या शाळेच्या फाटकावरचे शिपाईमामा आठवा. अनोळखी माणूस आला की ते स्वतः काही ठरवीत नसत. चिठ्ठी घेऊन कार्यालयात जात, हेडक्लार्क होय किंवा नाही म्हणत, आणि मगच फाटक उघडे. स्विच हा शिपाईमामा आहे. चिठ्ठीत काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नाही आणि वाचण्याची गरजही नाही. बिघाड शोधताना नवखा माणूस तासन्‌तास शिपायाशीच वाद घालत बसतो, म्हणून हे ध्यानात ठेवायचे. चिठ्ठी कार्यालयात पोहोचली का, आणि तेथून काय उत्तर आले, हे आधी पाहावे.

आता एका रात्रीची गोष्ट सांगतो. याच हैदराबादेतील एका रुग्णालयात, उन्हाळ्यात, विजेचा दाब वरखाली होऊन तिसऱ्या मजल्यावरचा स्विच जळाला. त्या मजल्यावर रक्ततपासणीची प्रयोगशाळा आणि अतिदक्षता विभागाचे संगणक होते. गोदामात होता तो दुसऱ्याच बनावटीचा स्विच बसवण्यात आला, जुनी मांडणी त्यात जमेल तशी उतरवली गेली, आणि मजल्यावरचे एकही यंत्र जाळ्यात येईना. दिवे मात्र सगळे हिरवे. मी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. प्रयोगशाळेतील ताई अहवाल कागदावर उतरवून वॉर्डबॉयच्या हाती खाली पाठवीत होत्या. पोटॅशियमचा आकडा हाताने लिहिताना दशांशचिन्ह चुकले तर काय होते, हे त्यांनीच मला सांगितले. त्यानंतर मी घड्याळाकडे पाहणे सोडून दिले.

दिवा हिरवा आहे याचा अर्थ केबल शाबूत आहे, एवढाच. म्हणून मी केबलींना हात लावला नाही. स्विचच्या नोंदीत लिहिले होते: सर्व्हर उत्तर देत नाही. सर्व्हर तर चालू होता. इतर मजले त्याच्याच भरवशावर चालले होते. सर्व्हरची नोंदवही उघडली, तेव्हा तेथे अनोळखी पत्त्यावरून आलेल्या विनंत्यांची रांग दिसली. नव्या स्विचला एकाहून अधिक पत्ते होते आणि तो आपल्या विनंत्या भलत्याच पत्त्यावरून पाठवीत होता. सर्व्हरच्या यादीत तो पत्ता नव्हता. अशा अनोळखी विनंतीला रेडियस सर्व्हर नकारही देत नाही; ती मुकाट्याने टाकून देतो. प्रमाणच तसे आहे. दोघांमधील सामायिक गुप्त शब्द एका अक्षराने चुकला तरी पुष्कळदा अशीच शांतता पसरते. माझ्या अनुभवात नकार हे चांगले लक्षण असते. शिपायाला ‘नाही’ ऐकू आले, म्हणजे निदान चिठ्ठी योग्य टेबलावर गेली. पत्ता दुरुस्त केला, आणि पाच मिनिटांत मजल्यावरचे बहुतेक संगणक आत आले.

एक संगणक राहिला. त्याच्याकडे प्रमाणपत्र होते, मुदतही शिल्लक होती. तरी तोच सर्व्हरला नाकारीत होता! होय, येथे ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. पाहुणाही यजमानाचे प्रमाणपत्र तपासतो. त्या संगणकाच्या पडद्यावरची तारीख कित्येक वर्षे मागची होती. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि घड्याळ मागे गेले होते. त्याच्या दृष्टीने सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचे होते. तारीख नीट केली, काम झाले. मुलांनो, तुमच्या या कक्षातील संगणकांचे घड्याळ मधूनमधून पाहत जा.

उरली प्रयोगशाळेतील दोन तपासणी यंत्रे, आणि तीच महत्त्वाची. अशा यंत्रांना ८०२.१एक्सची भाषाच येत नाही. प्रिंटर, कॅमेरे, जुनी वैद्यकीय उपकरणे, यांची हीच कथा. त्यांच्यासाठी एक पळवाट ठेवलेली असते: स्विच काही वेळ प्रश्न विचारून पाहतो, उत्तर आले नाही की यंत्राचा जन्मजात मॅक पत्ता हेच त्याचे नाव समजून सर्व्हरकडे धाडतो. सर्व्हर उत्तर देत होता, पण ‘असे नाव यादीत नाही’ असे. ताई तर यंत्राच्या मागची पट्टी मला वाचून दाखवीत होत्या आणि तेच नाव माझ्या समोर यादीत होते. बारा चिन्हे, एकही फरक नाही.

फरक लेखनाचा होता. जुना स्विच मॅक पत्ता मोठ्या अक्षरांत, दोन-दोन चिन्हांनंतर आडवी रेघ देऊन लिहीत असे, आणि सर्व्हरची यादी तशीच केलेली होती. नवा स्विच लहान अक्षरांत, रेघा गाळून लिहीत होता. सर्व्हरच्या लेखी ही दोन निराळी माणसे.

मला त्या क्षणी हसू आले, आणि का आले हे फक्त तुम्हालाच कळेल. या शाळेच्या हजेरीपटात आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने. फाटकाबाहेर पडले की आडनाव घराण्याचे म्हणून पुढे, किंवा नुसते आद्याक्षर होऊन. ‘त’ला इंग्रजीत एच जोडलेला. शिधापत्रिकेवर एक, रेल्वेच्या तिकिटावर दुसरे, पदवीवर तिसरे. ‘हा मीच’ हे सिद्ध करण्यात माझ्या वडिलांचे किती अर्ज आणि किती फेऱ्या गेल्या, ते मी लहानपणी पाहिले आहे. खिडकीपलीकडचा कारकून दुष्ट नसे. त्याच्या वहीत ते नाव त्या रूपात नसे, एवढेच.

सर्व्हरची दुरुस्ती व्हायला वेळ लागणार होता. त्याचा अधिकार ज्यांच्याकडे होता त्या गृहस्थांना झोपेतून उठवावे लागले. तोवर ताई म्हणाल्या, “सर, आजच्या रात्रीपुरता पहारा काढून टाका ना.” हा प्रश्न माझ्या धंद्यात नेहमी येतो, आणि त्याचे उत्तर देताना मी एकदा चुकलेलो आहे. काही वर्षांपूर्वी एका कचेरीत मी असाच एक पोर्ट ‘उद्यापर्यंत’ मोकळा केला होता. तो अकरा महिने मोकळा राहिला. कोणीतरी स्वतःचा लॅपटॉप तेथे लावून बसलेला आढळला, तेव्हा कुठे मला आठवले. नुकसान झाले नाही, हे माझे कर्तृत्व नव्हे.

तरीही त्या रात्री मी एक पोर्ट मोकळा केला. खाली रुग्ण होते. एका यंत्राचे अहवाल पडद्यावर जाऊ लागले. दुसरे यंत्र मी शोधासाठी हाती ठेवले. आणि कागदाच्या चिठ्ठीवर पोर्टाचा क्रमांक, वेळ आणि माझी सही लिहून ती स्विचलाच चिकटवली.

सर्व्हरवर नावाचे रूप एकसारखे करून घेतले. नाव पटले, पोर्ट अधिकृत झाला, आणि यंत्र मुकेच! केबल काढून पुन्हा लावली, तरी तेच. कारण हे की पुष्कळ स्विच मुळात तीस-तीस सेकंदांच्या अंतराने तीनदा प्रश्न विचारतात आणि मगच पळवाटेकडे वळतात. दीड मिनिट जाते. यंत्र मात्र केबल लागताच जाळ्याकडे स्वतःसाठी पत्ता मागत होते आणि मिनिटाच्या आतच थकून मागणे सोडीत होते. दार उघडेपर्यंत पाहुणा पाठ फिरवून बसलेला. थांबण्याची मुदत दहा सेकंदांवर आणली, केबल पुन्हा लावली, आणि अर्ध्या मिनिटानंतर ताईंनी हात वर केला.

एक गोष्ट येथे झाकून ठेवीत नाही. मॅक पत्त्याची नक्कल करणे अवघड नाही. म्हणून अशा यंत्रांना मुख्य जाळ्यात न ठेवता वेगळ्या कप्प्यात ठेवावे आणि तेथून केवळ आवश्यक त्या सर्व्हरपर्यंतच जाऊ द्यावे. त्या रुग्णालयात हे नंतर करून घेतले, बरीच पत्रे लिहून.

पहाटे साडेचारच्या सुमारास मोकळा पोर्ट बंद करून पहारा पुन्हा बसवला, आणि पहिले यंत्रही रीतसर नावानिशी आत आले. मी चिठ्ठी काढायला गेलो. ताई म्हणाल्या, “राहू द्या, तिच्यावर बंद केल्याची वेळही लिहा.” मी लिहिली.