तबकडी मागणारें यंत्र

सोलापूरच्या पूर्वभागांत ज्याचें बालपण गेलें आहे, त्यास यंत्र बिघडणें ही कांहीं नवलाची गोष्ट वाटत नाहीं. माग थांबला, कीं जॉबरला हांक मारावयाची, त्यानें वाकून पाहावयाचें, आणि घटकाभरांत धोटा पुन्हां धांवूं लागावयाचा, हें आम्ही लहानपणापासून पाहत आलों. परंतु आज ज्या यंत्राविषयीं मला बोलावयाचें आहे, तें धड थांबतहि नाहीं आणि धड चालतहि नाहीं. तें मधूनच एक मागणी करतें, आणि ती पुरी होईपर्यंत हटून बसतें.

हें यंत्र म्हणजे सर्व्हर. पुष्कळ कचेऱ्यांत व कारखान्यांत एक संगणक सर्वांचा मिळून असतो. हिशेब, हजेरी, मालाच्या याद्या त्याच्या पोटांत असतात, आणि कारकून आपापल्या टेबलावरून त्याच्याशीं व्यवहार करतात. त्यावर एखादा प्रोग्राम प्रथम बसवीत तो पूर्वीं बहुधा एका तबकडीवरून. काम झालें, कीं तबकडी कपाटांत जाई आणि सर्वजण तिला विसरत. मग वर्षा-दोन वर्षांनीं एके दिवशीं पडद्यावर चौकट उमटे: तुम्हांला हवा असलेला भाग मूळ तबकडीवर आहे, ती घाला. घातली तर यंत्र गप्प बसे, आणि कांहीं दिवसांनीं पुन्हां तेंच मागे. पुष्कळांची अशी समजूत होते, कीं यंत्राचा हा स्वभावच आहे. तो स्वभाव नव्हे. तें यंत्र एक तक्रार करीत असतें, आणि आपण तिच्याकडे मागणी म्हणून पाहतों.

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत चादरी व टॉवेल काढणारा एक कारखाना आहे. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथील सर्व्हरवर विंडोज सर्व्हरची २००३ सालची आवृत्ति होती, आणि तिच्यावर मजुरीचीं पत्रकें छापणारा एक प्रोग्राम. मागावरची मजुरी नगावर ठरते, म्हणून कोणीं किती चादरी विणल्या याचें पत्रक निघाल्यावांचून पैसे वांटतां येत नाहींत. हा सर्व्हर दर सोमवारीं सकाळीं तबकडी मागत असे. कारकुनांनीं त्याचा त्रास मानणेंहि सोडून दिलें होतें. तबकडी मालकांच्या टेबलाच्या खणांत असे. जो कारकून पहिला येई तो ती काढी, यंत्रांत सारी, पांच मिनिटें थांबे, आणि पुसून पुन्हां जागेवर ठेवी. उदबत्ती तेवढी लावावयाची राहिली होती! दोन वर्षें हा नेम बिनबोभाट चालला.

सोमवार, २८ ऑक्टोबर २०१३ या दिवशीं ती तबकडी तडकलेली निघाली. येत्या शुक्रवारीं, १ नोव्हेंबरला, धनत्रयोदशी होती. मजुरी आणि बोनस बुधवारीं द्यावयाचा, असा फलक दारावर लागला होता. प्रोग्राम ज्यांनीं बसवून दिला, त्यांनीं आपला धंदा केव्हांच गुंडाळला होता. अशा स्थितींत मला बोलावणें आलें.

मीं प्रथम जें केलें, तें सांगण्याजोगें नाहीं, तरी सांगतों. ओळखीच्या एका कचेरींत तोच प्रोग्राम होता. तेथून तबकडी मागून आणली आणि यंत्रास दिली. यंत्रानें ती साफ नाकारली. ती पुढच्या आवृत्तीची होती. प्रत्येक आवृत्तीस महिरपी कंसांत लिहिलेला एक लांबलचक सांकेतिक क्रमांक असतो, आणि तो जुळल्याशिवाय यंत्र दुसऱ्याची वस्तु आपली म्हणून घेत नाहीं. मालक म्हणाले, “सगळेंच काढून टाका आणि नवें बसवा.” परंतु काढल्यावर बसवावयाचें कशावरून? तडकलेली तबकडी हातांत घेऊन आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत बसलों, आणि सोमवार तसाच गेला.

मंगळवारीं सकाळीं मागाच्या खात्यांतील वृद्ध जॉबर वर कचेरींत आले. कारखान्यांत सगळे त्यांना अण्णा म्हणतात. घरीं तेलुगू आणि बाहेर मराठी, अशी त्यांची रीत. आपल्या माणसांची मजुरी बुधवारीं मिळणार कीं नाहीं, एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें. मीं झालेली हकीकत सांगितली. त्यांनीं ती ऐकून घेतली आणि विचारलें, “साहेब, हें किती दिवसांनीं मागतंय?”

मीं म्हटलें, “दर सोमवारीं.”

“मग बरोबर आठ दिवसांनीं येतंय. आमच्या चादरींत दोष ठरल्या अंतरानं आला, तर आम्ही सूत बदलत नाहीं. कुठला पुठ्ठा गेला तें बघतों.”

हा पुठ्ठा म्हणजे काय, तें सर्वांस ठाऊक असेलच असें नाहीं. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या सामग्रीनें निघते, ती फ्रान्समधील लियाँ शहरच्या जॅकार्ड नामक गृहस्थानें १८०४ सालीं सिद्ध केली. तिच्यांत भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ असते. धोट्याच्या एका फेरीस एक पुठ्ठा. जेथें भोंक असेल तेथील ताण्याचा दोरा उचलला जातो. जेथें नसेल तेथील दोरा खालीं राहतो. माळ पुरी फिरली, कीं नक्षी पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. यामुळें एक पुठ्ठा फाटला असेल, तर दोष चादरीवर कोठेंहि विखुरलेला दिसत नाहीं. तो दर नक्षीस त्याच ओळींत, मोजून तितक्याच अंतरावर येतो. जाणता जॉबर कापडावर वीत लावून अंतर मोजतो, ओळी मोजतो, आणि माळेंतील नेमका तो पुठ्ठा हातांत धरतो. याच भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना पुढें अमेरिकेंत १८९० च्या खानेसुमारीचे आंकडे मोजण्यासाठीं हॉलेरिथनें वापरली, आणि तेथून ती संगणकांत आली. तेव्हां अण्णांनीं मला परक्या विद्येंतलें कांहीं सांगितलें असें नव्हे. माझ्याच यंत्राच्या पणजोबांची गोष्ट त्यांनीं सांगितली.

आतां यंत्राच्या पोटांत काय चालतें तें पाहूं. विंडोजमध्यें प्रोग्राम बसविण्याचें काम विंडोज इन्स्टॉलर नांवाची व्यवस्था करते. ती प्रोग्रामचे लहान लहान भाग पाडते, आणि प्रत्येक भागासाठीं एक खूण ठरवून ठेवते. ही खूण म्हणजे एखादी फाइल, किंवा एखादा फोल्डर, किंवा रजिस्ट्री या मोठ्या वहींतील एखादी नोंद. पडद्यावरील चित्रावरून आपण प्रोग्राम उघडला, कीं कित्येक वेळां ही व्यवस्था प्रथम खुणा जागेवर आहेत ना, तें पाहते. एखादी खूण दिसली नाहीं, तर तो भाग मोडला असें समजून ती आपण होऊन डागडुजीस लागते. डागडुजीस लागतांना पुष्कळ प्रोग्राम सर्वांआधीं आपलें मूळ घर शोधतात. मग हरवलेली वस्तु क्षुल्लक असो वा मोठी असो, जेथून आपण आलों ती तबकडी त्यांना समोर हवी असते. म्हणजे या दुखण्यास दोन अंगें आहेत. कांहीं तरी हरवलें आहे, हें एक. आणि मूळ तबकडी सांपडत नाहीं, हें दुसरें. आम्ही दोन वर्षें दुसऱ्या अंगालाच मलम लावीत होतों.

काय हरवलें, तें यंत्र लिहून ठेवतें. विंडोजची एक रोजनिशी असते, तिला इव्हेंट व्ह्यूअर म्हणतात. तिच्या ॲप्लिकेशन या विभागांत एमएसआयइन्स्टॉलर या नांवानें झालेल्या नोंदी पाहाव्या. त्यांतील १००१ आणि १००४ या क्रमांकाच्या नोंदी आपल्या कामाच्या. पहिलींत कोणत्या प्रोग्रामचा कोणता भाग तपासतांना अडला तें असतें. दुसरींत त्या भागाचा सांकेतिक क्रमांक, आणि जी वस्तु जागेवर नाहीं तिचा ठावठिकाणा. मीं रोजनिशी उघडली. सोमवारामागून सोमवार, त्याच दोन नोंदी एकीखालीं एक उभ्या होत्या. कापडावरील दोष जसा ओळीनें यावा, तशा. प्रत्येक १००४ मध्यें एकाच फोल्डरचें नांव होतें, आणि तो फोल्डर टेम्प या तात्पुरत्या फायलींच्या जागेंत असावयास हवा होता.

तो तेथें नव्हता. कां नव्हता, याचा उलगडा होण्यास वेळ लागला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं सर्व्हरवरील जागा भरत आली, म्हणून तेव्हां काम पाहणाऱ्या एका तरुणानें दर रविवारीं रात्रीं टेम्पमधील सर्व कांहीं आपोआप पुसलें जाईल, अशी योजना करून ठेवली होती. हेतु चांगला होता. तो तरुण पुढें नोकरी सोडून गेला, योजना मात्र इमानेंइतबारें चालू राहिली. रविवारीं रात्रीं खूण पुसली जाई. सोमवारीं सकाळीं यंत्र तबकडी मागे. तबकडी दिली कीं खूण पुन्हां उभी राही. आणि रविवारीं पुन्हां पुसली जाई.

आणि त्या फोल्डरांत काय असे? कांहीं नाहीं. प्रोग्राम करणारानें एक रिकामा फोल्डर खूण म्हणून नेमून दिला होता. हें शहाणपणाचें होतें असें मी म्हणणार नाहीं. तात्पुरत्या वस्तूंच्या जागेंत कायमची खूण ठेवणें म्हणजे अंगणांतल्या रांगोळीवर घराचा पत्ता लिहिण्यासारखें आहे. मीं त्या नांवाचा रिकामा फोल्डर हातानें तयार केला आणि कारकुनास प्रोग्राम उघडावयास सांगितलें. त्यानें संवयीनें यंत्राची खांचणी बाहेर काढली होती. चौकट आली नाहीं. मंगळवारीं दुपारीं पत्रकांची छपाई सुरू झाली. अण्णा दारांत उभे राहून पहिल्या कागदावरील आपल्या माणसांचीं नांवें वाचून पाहत होते.

रविवारच्या योजनेंतून तो फोल्डर वगळला, आणि काम संपलें. परंतु श्रोत्यांपैकीं ज्यांच्या कचेरींत असा प्रसंग आहे, त्यांनीं सरसकट रिकामे फोल्डर करीत सुटूं नये. कधीं हरवलेली वस्तु खरोखरची फाइल असते, आणि ती त्याच आवृत्तीच्या दुसऱ्या यंत्रावरून आणावी लागते. कधीं खूण ज्याच्या त्याच्या खात्यांतील रजिस्ट्रीच्या नोंदींत असते. मग प्रत्येक नवीन कारकून प्रथम कामास बसला, कीं चौकट त्याच्यापुढें येते. डागडुजीमुळें आपण बदललेल्या कांहीं नोंदी पूर्ववत् होण्याचाहि संभव असतो, यास्तव आधीं सर्व माहितीची नक्कल घ्यावी. आणि जागा हवी म्हणून विंडोजच्या फोल्डरांतील इन्स्टॉलर नांवाचा लपविलेला फोल्डर रिकामा करणें ही तर आपण होऊन ओढवून घेतलेली आपत्ति होय. बसविलेल्या प्रोग्रामांच्या पॅकेजांच्या प्रती तेथें असतात. त्या गेल्या, कीं दुरुस्ती, सुधारणा आणि प्रोग्राम काढून टाकणें या तिन्ही गोष्टी अडतात. बिघडलेल्या नोंदी पुसून टाकणारें एक साधन मायक्रोसॉफ्टचेंच होतें; तें इतर प्रोग्रामांस इजा करूं शकतें म्हणून २०१० सालीं त्यांनीं परत घेतलें. जुन्या संकेतस्थळांवरून तें शोधून आणण्याच्या भरीस कोणी पडूं नये.

सर्वांत सोपी तजवीज अशी, कीं नवीन प्रोग्राम आणल्याच दिवशीं तबकडीवरील सर्व फायली सर्व्हरच्याच एका कायमच्या फोल्डरांत उतरून घ्याव्या, तेथूनच तो बसवावा, आणि एक नक्कल कचेरीबाहेर ठेवावी. मग यंत्रास मूळ घर सदैव सांपडतें. २००३ च्या त्या आवृत्तीचा मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जुलै २०१५ रोजीं संपला. २००८ पासूनच्या आवृत्त्या स्वतःचे बहुतेक सुटे भाग जवळच बाळगतात, म्हणून त्या सहसा तबकडी मागत नाहींत. तरीहि २०१२ च्या सर्व्हरवर .नेट ३.५ बसवूं गेल्यास तो मूळ तबकडीवरील सोर्सेस या फोल्डरांतील एसएक्सएस या भागाचा पत्ता विचारतो. आतां बहुतेक यंत्रांस तबकडी घालण्याची फटच नसते, तेव्हां हा पत्ता जवळ असलेला बरा.

बुधवारीं मजुरी वांटली गेली. पुढचा सोमवार पाडव्याचा, म्हणून कारखाना बंद होता. त्याच्या पुढच्या सोमवारीं, ११ नोव्हेंबरला, मीं मुद्दाम फोन केला. कारकून म्हणाला, “कांहीं मागितलं नाहीं. पण मालकांनीं खणाची किल्ली मात्र अजून माझ्याकडेच ठेवलीय.”