डॉक्टर शांता गेल्या, त्या सकाळी



१९ जानेवारी २०२१. मी तेव्हा चेन्नईत नोकरीला होतो. स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का त्या सकाळी दारातच बसल्या आणि रडू लागल्या. अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या डॉ. व्ही. शांता ९३व्या वर्षी गेल्या होत्या. अक्कांचा स्तनाचा कॅन्सर तिथेच बरा झाला होता. "आता आमचं कोण?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींची बहीण कॅन्सरने गेली. त्यांनी १९५४ साली १२ खाटांवर ते रुग्णालय सुरू केलं. शांता १९५५ला आल्या आणि आयुष्यभर तिथल्याच झाल्या, राहायलाही आवारातच. मॅगसेसे, पद्मविभूषण वगैरे अक्कांना ठाऊक नव्हतं. पैसे नव्हते तरी कुणी परत पाठवलं नाही, हे ठाऊक होतं.

मला माझी खाला आठवली. छातीतली गाठ तिनं वर्षभर लपवली. पुरुष डॉक्टरला कसं दाखवू, लोक काय म्हणतील! खरं सांगतो, आम्ही घरातल्या पुरुषांनीही कधी विचारलं नाही. आजाराचं नावसुद्धा घ्यायचं नाही, 'ती बिमारी' म्हणायचं. मय्यतीला मात्र सगळा मोहल्ला होता.

लवकर आलात तर कॅन्सर बरा होतो, हे शांता उभा जन्म सांगत राहिल्या.

त्या रात्री अम्मीला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून, अडखळत विचारलं, "तू कधी तपासणी केलीस का गं?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तू येशील सोबत?"