टाचेचं दुखणं लपवू नका

(चैत्री वारीहून परतल्यावर दिंडीच्या बैठकीत केलेले भाषण)



आज कीर्तन नाही, तेव्हा अभंग घेत नाही. आज टाचेबद्दल बोलणार आहे. काही जण हसतील. हसा, पण ऐका. आषाढीच्या प्रस्थानाला अजून सव्वादोन महिने आहेत, म्हणून आजच सांगतो.

२०१७ ची गोष्ट. ज्वारीच्या काढणीपासून माझी उजवी टाच दुखत होती. सकाळी अंथरुणातनं उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसल्यागत व्हायचं. दहा-वीस पावलं चाललं की कमी. मला वाटायचं, गेलं. पुन्हा बांधावर घटकाभर बसून उठलो की तेच. घरातसुद्धा सांगितलं नाही. तापल्या विटेवर रुईचं पान ठेवून शेकलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग बिब्बा लावला, तर फोड येऊन कातडं सोललं.

तसाच वारीला निघालो. वारीत पायात काही घालायचं नाही, हा माझा नेम. दिवेघाट चढलो, जेजुरी झाली. लोणंदला पहाटे उठलो, तर टाच भुईला टेकेना. चालकांनी सामानाच्या ट्रकात बसवलं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, तेव्हा मी पुढच्या मुक्कामावर तंबूच्या खुंट्या मोजत बसलो होतो. फार लाज वाटली.

पंढरपुराहून आल्यावर हाडांच्या डॉक्टरांकडं गेलो. ते म्हणाले, ह्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. तळपायात टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, पायाची कमान तो धरून ठेवतो. त्याच्यावर ताण फार झाला की टाचेपाशी दुखतं. फोटोत हाड वाढलेलं दिसलं, मी घाबरलो. ते म्हणाले, असं हाड न दुखणाऱ्यांच्या टाचेतही दिसतं, त्याला कापायला नको.

आपल्या भाषेत सांगतो. कासरा भिजून वाळला की सकाळी ताठ होतो. एकदम हिसका मारला तर तंतू तुटतात. आधी हातानं मळून सैल करावा लागतो. तळपायाचं तसंच.

म्हणून पहिला उपाय अंथरुणातच. पाय खाली टेकायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. बोटं हातानं आपल्याकडं ओढा, तळव्याला ताण बसला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, आणि दिवसातनं तीनदा.

दुसरा भिंतीपाशी. दुखरा पाय मागं, गुडघा सरळ, टाच भुईला टेकलेली. भिंतीला रेटा द्या, पोटरी ताणू द्या. तीस आकडे मोजा, तीनदा करा.

तिसरा, बाटलीत पाणी भरून बर्फ करायचा आणि फडकं गुंडाळून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवायची.

चौथा पायताणाचा. झिजलेली पातळ चप्पल टाका. टाचेखाली मऊ गादी असलेला बूट घ्या. घरातल्या फरशीवरही अनवाणी फिरू नका. कीर्तनाला उभं राहताना मी आता पायाखाली सतरंजीची जाड घडी घेतो.

आणि वारीच्या आदल्या दिवसापर्यंत बसून राहून एकदम चालू नका. आतापासून थोडं थोडं वाढवा.

दोन महिन्यांत मला बरं वाटलं. मी व्यायाम सोडला, खताची पोती उचलली, दुखणं परत आलं. पुन्हा पहिल्यापासून धरलं. सगळे मिळून आठ महिने लागले. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण धीर लागतो. इंजेक्शननं काही आठवडे उतार पडतो, पण व्यायाम चुकत नाही. टाच सुजली, मुंग्या आल्या, बसल्या-झोपल्याही ठणकली, किंवा पडल्यावर दुखायला लागली, तर घरी थांबू नका, डॉक्टरला दाखवा. साखर असलेल्यांनी वीट आणि बिब्ब्याच्या वाटेला जाऊच नये, आणि बर्फही डॉक्टरला विचारूनच. पाय बधिर असला तर भाजलेलं कळत नाही.

२०१८ ला मी बूट घालून चाललो. नेम मोडला, असं कुणी म्हणालं. मी म्हणलं, बाबा, नेम वारीचा आहे. पाय राहिला तर वारी राहील.

हे सगळं का सांगतो? आपल्या दिंडीत एक जुने टाळकरी होते. एका साली आले नाहीत. शेतीचं काम निघालं म्हणाले, आपण मान डोलावली. पुढं आलेच नाहीत. ते वारल्यावर त्यांच्या मुलानं सांगितलं, टाच दुखायची, पण ट्रकात बसायची लाज वाटायची. आपण कुणी विचारलं नाही, माउली. मीही विचारलं नाही.

तेव्हा एवढंच मागणं. मुक्कामावर हरिपाठ झाला की दहा मिनिटं सगळ्यांनी बसून तळपाय ताणायचे. शेजारच्याला विचारायचं, टाच कशी आहे? आणि कुणी ट्रकात बसला तर त्याला हसायचं नाही, त्याचा टाळ त्याच्याजवळ द्यायचा.

रामकृष्णहरी.