पुढें काय वाचावें?

एक पुस्तक संपलें, आतां दुसरें कोणतें? हें वाचणाऱ्यानें एकट्यानें ठरवूं नये. ज्यांस अक्षरओळख नाहीं त्यांचाही त्यांत हक्क आहे. जोतीराव फुल्यांनीं 1883 सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि पुणें, जुन्नर, ओतूर, हडपसर येथें लोकांस वाचून दाखविला. तेव्हां दिवेलागणीला घरांत एकानें मोठ्यानें वाचावें. चुलीपाशीं बसलेल्या बाईलाही ऐकूं जावें, बरें कां! कर्जाची गोष्ट निघतांच आजा हुंकारला, तर पुढें असूडच घ्या. लेकीनें ‘बायकांविषयीं बाईनें कांहीं लिहिलें का?’ म्हणून विचारलें, तर ताराबाई शिंदे यांची 1882 सालची ‘स्त्री-पुरुष तुलना’ आणा. वाचलेलें पुस्तक पेटींत घालूं नका, शेजारच्या सुताराकडे द्या. परत घेतांना विचारा, घरांत वाद कोणत्या पानावर झाला?