मणका भरला, हाडांचं काय?



साठी ओलांडलेली बाई घागर उचलायला वाकते, पाठीत कळ निघते आणि ती अंथरूण धरते. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' अशा वेळी पुष्कळदा हाडं ठिसूळ होऊन मणकाच दबलेला असतो. तो साध्या एक्स-रेत दिसू शकतो. पण एक्स-रे काढायला कोणी नेत नाही. हळूहळू पोक येतं, उंची घटते.

आपल्या कळंब भागात या दुखण्याला आणखी एक पदर आहे. मांजरा नदीपलीकडच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड महिलांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर हाडं जपणारं इस्ट्रोजेन एकदम तुटतं. मग पाळी जाण्याच्या वयाआधीच हाडांची झीज सुरू होते.

दबलेल्या मणक्यावर मोठं ऑपरेशन न करता उपचार होतो. १९८४ साली फ्रान्समधल्या आमियाँ शहरात गालिबेर आणि देरामाँ यांनी मानेच्या पोखरलेल्या मणक्यात पहिल्यांदा हाडांसाठीचं वैद्यकीय सिमेंट भरलं. आज पेशंटला पालथं झोपवतात, जागा बधिर करतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून मणक्यात सुई नेतात. थोडंसं सिमेंट आत जातं आणि काही मिनिटांत घट्ट होतं. ही व्हर्टेब्रोप्लास्टी. आधी फुगा फुगवून मणका उचलला आणि मग सिमेंट भरलं, तर ती कायफोप्लास्टी. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात.

पण ही सुई सरसकट सर्वांसाठी नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत खरी व्हर्टेब्रोप्लास्टी आणि तिचा नुसता देखावा, दोन्हींनी वेदना सारख्याच कमी झाल्या. २०१६च्या एका चाचणीत मात्र सहा आठवड्यांच्या आतल्या, तीव्र वेदनेच्या पेशंटना फायदा दिसला. बहुतेक मणके वेदनाशामक औषधं, थोडी विश्रांती आणि पट्टा यांवर दोन-तीन महिन्यांत भरून येतात. एवढं करूनही जिला कूस बदलवत नाही आणि जिचा मणका ताजा दबल्याचं एमआरआयवर दिसतं, तिच्यासाठी सुईचा विचार करावा. सिमेंट मणक्याबाहेर झिरपण्याचा धोकाही असतो, म्हणून हात अनुभवी हवा. ताप असेल, वजन घटत असेल, तर मणक्याचा टीबी किंवा कॅन्सर आधी तपासावा. पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

सिमेंट एका मणक्याला आधार देतं. बाकीची हाडं ठिसूळच राहतात. मणका दबल्यावर वर्षभरात पाचांतल्या एकीला दुसरा मणका दबतो, असं २००१च्या अभ्यासात दिसलं. म्हणून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हाडं बळकट करणारं औषध यांना पर्याय नाही. औषधाला आहाराचीही जोड हवी. आपल्याच जिल्ह्यातल्या भूममध्ये खव्याच्या भट्ट्या पेटतात. दूध विकलं जातं, पण घरच्या बाईच्या वाट्याला कपभर तरी येतं का, हे प्रत्येक घरानं पाहावं. तीळ, ऊन, रोजचं चालणं हेही हवंच.

माझी विनंती एकच. दवाखान्यात 'मणका बरा झाला' असं सांगितलं, की उठू नका. तिथंच विचारा, 'आता हाडांसाठी काय?' उत्तर लिहून घ्या आणि ते औषध बंद पडू देऊ नका.