संशोधनातील परिचारिका : तिचे काम आणि तिचा अधिकार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त परिचारिका-शिक्षिकेने केलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला 'आरोग्यावर काहीतरी बोला' असे सांगितले. पथ्यपाणी आणि दिनचर्या यांवर बोलणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. त्यात मी भर घालावी असे मला वाटले नाही. माझी ३४ वर्षे परिचारिकेचे काम करण्यात व शिकविण्यात गेली, आणि त्यांतील बरीचशी, नव्या औषधांची रुग्णांवर चाचणी होते अशा विभागांत गेली. तेथे काम करणाऱ्या परिचारिकेविषयी आपल्याशी चार शब्द बोलावे, असे मी योजिले आहे.

हा विषय आपल्या शहराला परका नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि नल्लाकुंट्यातील ज्या इस्पितळाला आपण सारे 'कोरंटी' म्हणतो त्याला त्यांचेच नाव आहे. परंतु ते डास ज्याच्या अंगावर सोडले तो रुग्ण हुसेनखान; त्याला दर डासामागे एक आणा मिळे. त्याला काय समजावून सांगितले होते, पुढे त्याची विचारपूस कोणी ठेवली, हे विचारण्याची तेव्हा रीतच नव्हती. आज ती रीत आहे, कायदाही आहे. आणि प्रत्यक्ष खाटेजवळ तो पाळला जातो की नाही, हे बहुतेक वेळी परिचारिकेवर अवलंबून असते.

माणसावर पारखून घेतल्यावाचून कोणतेही नवे औषध बाजारात येत नाही. २०२० साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने भारत बायोटेकने याच शहरात कोव्हॅक्सिन लस तयार केली, आणि तिच्या पहिल्या चाचण्यांत आपल्या निम्स रुग्णालयाचाही भाग होता. आपल्यापैकी अनेकांनी ती लस घेतली. ती आपल्या दंडापर्यंत येण्यापूर्वी कोणीतरी स्वेच्छेने आपला दंड पुढे केला होता, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

अशा चाचणीत परिचारिका काय करते? ती रुग्णाला संमतिपत्र समजावून सांगते. औषध ठरल्या वेळी देते, उरलेल्या गोळ्या मोजून घेते. अर्ध्या तासाने, एका तासाने, दोन तासांनी रक्त घेते. आणि दहा मिनिटे उशीर झाला तर ठरलेली वेळ न लिहिता खरी वेळ लिहिते. हे शेवटचे काम वाटते तितके सोपे नाही. खोटी वेळ लिहिली तर कागद सुबक दिसतो, पण त्यावरून ठरणारी औषधाची मात्रा उद्या हजारो लोकांना चुकीची मिळू शकते.

आता माझीच एक चूक सांगते. फार वर्षांपूर्वी, ज्याचे नाव मी घेणार नाही अशा एका इस्पितळात, देगलूरकडची एक आजी रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या चाचणीत होती. तिला तेलुगू येत नव्हते, हिंदी जेमतेम कळे; मी मराठी बोलते म्हणून ती मला सोडीत नसे. एके दिवशी सकाळी ती म्हणाली, "सिस्टरबाई, उठलं की डोळ्यापुढं अंधारी येतीया. पण डॉक्टरला सांगू नका. गोळी नको म्हणलं तर माझं नाव काढतेत, मग इलाज कोण करील?" मी रक्तदाब पाहिला, तो खूपच उतरला होता. डॉक्टर शस्त्रक्रियागृहात होते. माझ्या हातातील तक्त्यावर एवढेच लिहिले होते : 'आठ वाजता एक गोळी.' मी गोळी दिली. तासाभराने ती न्हाणीघरात पडली आणि कपाळाला खोक पडली. सुदैवाने जिवावरचे टळले. नंतर मला कळले की, चाचणीच्या मूळ आराखड्यात रक्तदाब अमुक आकड्याखाली असल्यास गोळी देऊ नये असे स्पष्ट लिहिले होते. तो आराखडा परिचारिकांना कोणी वाचावयास दिला नव्हता, आणि मीही मागितला नव्हता.

या प्रसंगात दोन गोष्टी उणी होत्या. आजीला हे ठाऊक नव्हते की, चाचणी सोडली तरी तिचे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत. आणि मला ना ज्ञान होते, ना गोळी थांबविण्याचा अधिकार. तिचा विश्वास मात्र संपूर्ण माझ्यावर होता. ज्याच्यावर विश्वास टाकला जातो त्याच्या हाती तेवढे ज्ञान आणि तेवढा अधिकार असावयास हवा, हेच आज मला सांगावयाचे आहे.

जुन्या हैदराबाद संस्थानातील दोन जिल्ह्यांची उदाहरणे याला साक्ष आहेत. रोग एकच, गर्भाशयमुखाचा कर्करोग.

पहिला जिल्हा उस्मानाबाद, आजचा धाराशिव. आपल्यापैकी कित्येकांचे मूळ गाव तिकडचे. १९९९ साली तेथे खेड्यांचे ५२ गट पाडून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो हाती घेतला. गावोगावच्या केंद्रांत तपासणीचे काम प्रशिक्षित सुईण-परिचारिकांनी केले. परपुरुषापुढे जी बाई पदर सरकू देणार नाही, तिला अशा तपासणीला तयार करणे हे काही लहान काम नव्हे. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात विषाणूची, म्हणजे एच. पी. व्ही. ची, एकदाच तपासणी झाली त्यात वाढलेला कर्करोग ३९ स्त्रियांना आढळला व ३४ दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात हेच आकडे ८२ आणि ६४ होते. दोन्ही गट तीस-पस्तीस हजारांचे. तपासणीच्या इतर दोन पद्धतींनी तेवढ्या काळात असा लाभ दिसला नाही. सुईण-परिचारिकांच्या हातून झालेल्या कामावर जगाने विश्वास ठेवला आणि पुढे अनेक देशांची धोरणे विषाणू-तपासणीकडे वळली. अर्थात, तपासणी न केलेल्या गटातील स्त्रियांना तसे ठेवणे न्याय्य होते काय, हा प्रश्न मागाहून विचारला गेला. आणि तो विचारला जाणे योग्यच होते.

दुसरा जिल्हा खम्मम. २००९ साली तेथे दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चौदा हजार मुलींना याच रोगावरील लस एका प्रात्यक्षिक योजनेत देण्यात आली. मुलींपैकी पुष्कळशा आदिवासी, वसतिगृहात राहणाऱ्या. अनेकींच्या संमतिपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. एप्रिल २०१० मध्ये योजना थांबविण्यात आली. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, पण संमती घेण्यात आणि त्रासाच्या नोंदी ठेवण्यात गंभीर उणिवा आढळल्या. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली असूनही लोकांचा विश्वास मोडला, आणि मोडलेला विश्वास दुरुस्त व्हावयास फार वर्षे लागतात. 'या मुलीच्या आईने होय म्हटले आहे काय? नसेल, तर मी सुई टोचणार नाही,' असे म्हणण्याचा अधिकार असलेली एक परिचारिका प्रत्येक शाळेत असती, तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

यानंतर नियम कडक झाले. २०१९ च्या नव्या नियमांनुसार गंभीर अपाय झाल्यास चोवीस तासांत कळवावे लागते, अपाय झालेल्या रुग्णाला मोफत उपचार द्यावे लागतात, आणि नव्या रसायनाची चाचणी दुर्बल स्थितीतील व्यक्तीवर व्हावयाची असेल तर संमतीचे चित्रमुद्रण करावे लागते. परंतु अपाय झाला हे सर्वांत आधी कोणाच्या ध्यानी येते? जी रात्री उशाशी असते तिच्या.

म्हणून या परिचारिकेला वरची पायरी हवी. परदेशात ती निर्माण झाली आहे. अमेरिकेत बेथेस्डा येथील सरकारी संशोधन-रुग्णालयातील परिचारिकांनी आपल्या कामाची पाच अंगे ठरविली : रुग्णसेवा, चाचणीची व्यवस्था, उपचारांतील सातत्य, सहभागी व्यक्तीचे संरक्षण आणि ज्ञानात भर. २०१६ साली तेथील परिचारिका संघटनेने ही परिचर्येची स्वतंत्र शाखा मानली. आपल्याकडेही पावले पडली आहेत. परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागातील 'नर्स प्रॅक्टिशनर'साठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. २०१७ साली तेलंगणात निवडक परिचारिकांना प्रसूतिशास्त्राचे अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देण्यास आरंभ झाला, आणि २०२३ साली परिचर्येचा नवा राष्ट्रीय कायदाही संमत झाला. जे प्रसूतीसाठी व अतिदक्षतेसाठी साधले, ते संशोधनासाठीही साधावयास हवे. अशी परिचारिका रुग्णाला स्वतः तपासील, आराखड्यात लिहिलेल्या मर्यादेत मात्रा थांबवील, नवोदितांना शिकवील, नीतिसमितीत बसेल, आणि एखादा प्रश्न तिला स्वतःला पडला तर त्याचा अभ्यासही करील.

काही डॉक्टर म्हणतात, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मला ही उपमा मान्य नाही. निदान आणि अंतिम जबाबदारी डॉक्टरांचीच. पण पहाटे तीन वाजता उतरलेला रक्तदाब पाहून गोळी रोखणे हे त्यांच्या अधिकारावर आक्रमण नसून त्यांच्याच आराखड्याचे पालन होय. खरी अडचण निराळी आहे. चाचणीपुरती नेमलेली परिचारिका चाचणी संपताच घरी बसते. जिची नोकरी सहभागी रुग्णांच्या संख्येवर टांगलेली आहे, तिने रुग्णाला 'तुम्ही नाही म्हणू शकता' असे मोकळेपणाने कसे सांगावे? तिला कायम पद मिळाल्यावाचून तिचा अधिकार कागदावरच राहील.

आपल्या संस्थेने यात काय करावे? ५० वर्षे आपण मुलांना शिष्यवृत्त्या देत आलो. अभियंते आणि डॉक्टर झालेल्यांची यादी याच स्मरणिकेत आपण अभिमानाने छापू. त्या यादीत दरवर्षी एका परिचारिकेचे नाव यावे; पदव्युत्तर शिक्षणासाठी नोकरीतून रजा घेणाऱ्या मुलीच्या घरखर्चाला हातभार लागावा. दुसरे असे की, नांदेड, देगलूर, उदगीरकडून मराठी माणसे उपचारांसाठी या शहरात येतात. त्यांच्यापुढे इंग्रजी वा तेलुगू कागद आला तर तो मराठीत वाचून दाखविणारे दोन-चार स्वयंसेवक आपण उभे करावेत. सही करा वा करू नका, एवढेही त्यांनी सांगू नये. फक्त वाचून दाखवावे, आणि नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार मिळतात हे सांगावे.

ती आजी घरी जाताना कपाळाची पट्टी सावरीत मला म्हणाली, "सिस्टरबाई, तुमच्या हातची गोळी म्हणून घेतली." तिला ते कौतुक वाटत होते. मला ते आजही कर्ज वाटते. ते फेडण्यास मी आता म्हातारी झाले आहे. आपल्या संस्थेने शिकविलेली एखादी मुलगी ते फेडील, या आशेने मी आपली रजा घेते.